'शेतक' एवढंच टाइप करा

विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा ऑनलाइन कॅटलॉग, म्हणजे ओपॅक, उघडून त्यात 'शेतकऱ्यांचा आसूड' असं टाइप करणाऱ्याला पुष्कळदा एकही नोंद मिळत नाही. पुस्तक मात्र त्याच इमारतीत असतं, कधी तीन-चार प्रतींत. महात्मा फुल्यांनी १८८३ साली लिहिलेलं हे पुस्तक वाचायला निघालेला विद्यार्थी पहिल्याच पायरीवरून परत फिरतो आणि फोनवर फिरणारी, कुठल्या आवृत्तीची ते कळू न देणारी पीडीएफ वाचायला घेतो. याचं फार वाईट वाटतं, कारण थोड्या गोष्टी ठाऊक असत्या तर तेच पुस्तक त्याच दिवशी हातात आलं असतं.

ओपॅक पुस्तकं शोधत नाही, नोंदी शोधतो. ती नोंद कुणीतरी, कधीतरी, तेव्हा हाताशी असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये केलेली असते. त्या माणसानं पुस्तकाचं नाव ज्या अक्षरांत लिहिलं, त्याच अक्षरांत विचारलं तर उत्तर मिळतं. मराठी पुस्तकांच्या बाबतीत ही अक्षरंच अनेक तऱ्हांची असतात आणि बहुतेक घोटाळा इथेच होतो.

आधी हे एकच नाव घेऊ. मूळ नाव 'शेतकऱ्याचा असूड'. लोकांच्या तोंडी ते 'शेतकऱ्यांचा आसूड' झालं आहे, आणि काही आवृत्त्यांवर छापलंही तसंच जातं. म्हणजे अनुस्वार आहे की नाही आणि सुरुवात 'अ'नं की 'आ'नं, असे दोन फरक झाले. तिसरा फरक डोळ्यांना दिसतच नाही. 'ऱ्य'मधला अर्धा र संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. साध्या 'र'ला हलन्त देऊन त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालायचं, किंवा 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरून त्याला हलन्त द्यायचा. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण नोंद एका प्रकारानं झाली असेल आणि तुमचा कीबोर्ड दुसऱ्या प्रकारानं लिहीत असेल, तर सॉफ्टवेअरच्या लेखी ते दोन वेगळे शब्द ठरू शकतात. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'किनाऱ्यावर' अशा प्रत्येक शब्दात हा खड्डा आहे. 'ॲ'चंही तसंच. ते अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ साली आलं. त्याआधीच्या नोंदींत 'अ'वर वेगळा चंद्र ठेवलेला असतो.

म्हणून पूर्ण नाव टाइप करू नका. शब्द जिथपर्यंत निर्विवाद आहे तिथपर्यंतच लिहा आणि पुढे फुली, म्हणजे तारांकन द्या: शेतक*. यात 'शेतकरी', 'शेतकऱ्याचा', 'शेतकऱ्यांचा' ही सगळी रूपं येतात आणि 'ऱ'पर्यंत आपण पोचतच नाही. 'शेतकी'ची पुस्तकंही येतील. ती डावीकडच्या गाळण्यांतून, भाषा किंवा लेखक निवडून, बाजूला सारता येतात. नको असलेल्या वीस नोंदी वाचायला मिनिटभर लागतं. शून्य नोंदी आल्या तर पुढे वाटच उरत नाही.

विभक्तीचा प्रश्न असाच सुटतो. इंग्रजी शब्दांचं एकवचन-अनेकवचन जुळवून घेण्याची सोय बऱ्याच ओपॅकांत असते, मराठीच्या सामान्यरूपाची सहसा नसते. 'शाळा' शोधलं तर 'शाळेतील' येत नाही, 'पाणी' शोधलं तर 'पाण्याचा' येत नाही. शाळ*, पाण* असं शोधलं की येतं. नियम असा की शब्द बदलायला लागतो त्याच्या आधीच्या अक्षरावर थांबायचं. जोडशब्दांत आणि संधीत मात्र ही युक्ती चालत नाही. 'कृषी*' लिहून 'ग्रामकृषी' सापडणार नाही, कारण तारांकन शब्दाच्या शेवटाला लागतं, सुरुवातीला नाही.

जुन्या पुस्तकांसाठी शुद्धलेखनाचा इतिहास लक्षात ठेवावा लागतो. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ सालचे. त्यांनी व्युत्पत्तीनं आलेले, उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले. त्याआधीच्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर 'नांव', 'गांव', 'कांहीं', 'महाराष्ट्रांतील' असं छापलेलं आहे. काळजीपूर्वक काम करणारा तालिकाकार, म्हणजे नोंदी करणारा माणूस, मुखपृष्ठावर जसं आहे तसंच उतरवून घेतो, आणि ते बरोबरच आहे. तेव्हा १९६२च्या आधीचं काही शोधताना दोन्ही रूपं टाकून पाहा. आणि सगळ्यांत त्रासदायक शब्द कुठला म्हणाल, तर 'वाङ्मय'. 'वाङ्मय', 'वाङमय', 'वाङ्गमय', 'वांग्मय', शिवाय ङ आणि म यांच्यामध्ये एक अदृश्य चिन्ह घातलेलं पाचवं रूप. हे सगळे प्रकार एकाच ग्रंथालयाच्या कॅटलॉगात सापडू शकतात. या शब्दावर शोध अवलंबून ठेवूच नये. नावातला दुसरा शब्द घ्यावा.

आणि आपल्या उदाहरणात हा शब्द लागतोच. 'असूड' स्वतंत्र पुस्तक म्हणून ग्रंथालयात नसेल, तरी 'महात्मा फुले समग्र वाङ्मय' बहुधा असतंच. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं ते १९६९ साली धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांच्या संपादनाखाली काढलं, आणि पुढच्या आवृत्तीचं संपादन य. दि. फडक्यांनी केलं. 'असूड' त्यात आहे. पण नोंदीत आतल्या पुस्तकांची यादी दिलेली नसेल, तर 'असूड' शब्दावर शोधणाऱ्याला ती नोंद कधीच दिसणार नाही. समग्र, निवडक, संपादित अशा ग्रंथांबाबत हे कायम ध्यानात ठेवा. कथा, नाटुकलं, भाषण, पत्रं यांपैकी काही हवं असेल तर ते कुठल्या संग्रहात आहे हे आधी काढायचं आणि मग संग्रहाचं नाव शोधायचं.

लेखकाकडून गेलं तर वाट जवळची, पण तिथेही नावांचे फाटे आहेत. जोतीराव, जोतिराव, ज्योतिराव, जोतिबा, महात्मा. नियमानं नोंद आडनावापासून होते: 'फुले, जोतीराव गोविंदराव', आणि चांगल्या कॅटलॉगात पुढे १८२७-१८९० अशी सालंही असतात. म्हणून लेखकाच्या रकान्यात नुसतं 'फुले' लिहा, यादीतून योग्य माणूस निवडा आणि त्याच्या नावावर क्लिक करा. त्या क्लिकनं त्याच नमुन्यात नोंदवलेलं सगळं एकत्र येतं. मग मागे जाऊन दुसरा नमुनाही तपासा, कारण एकाच लेखकाच्या दोन ओळी असणं नेहमीचं आहे. टोपणनावांचं वेगळं. वि. वा. शिरवाडकरांची कविता 'कुसुमाग्रज' नावाखाली आणि नाटकं शिरवाडकर नावाखाली असतात. केशवसुत काही ठिकाणी केशवसुतच असतात, काही ठिकाणी 'दामले, कृष्णाजी केशव'. जुन्या कार्डांच्या कपाटात यासाठी 'पाहा' अशी सूचना देणारी कार्डं असायची. संगणकात ती सोय आहे, पण ती कुणीतरी भरावी लागते, आणि पुष्कळ ठिकाणी ते काम राहून गेलं आहे.

आता लिपी. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत कोहा, इन्फ्लिबनेट या विद्यापीठ-ग्रंथालयांना जोडणाऱ्या संस्थेचं सोल, पुण्यात तयार झालेलं स्लिम अशी सॉफ्टवेअर्स वापरात आहेत. संगणकीकरण सुरू झालं तेव्हा देवनागरीची सोय जेमतेम होती. त्या काळात काहींनी मराठी नावं रोमन लिपीत, जशी बोलली जातात तशी भरली. काहींनी तेव्हाच्या खास मराठी फाँटांत भरली, आणि पुढे सॉफ्टवेअर बदललं तेव्हा ती रूपांतरित झाली नाहीत. अशा नोंदी आज पडद्यावर रोमन अक्षरं आणि चिन्हांच्या सरमिसळीसारख्या दिसतात, त्या शब्दावरून शोधणं शक्य नाही. त्यांच्यापर्यंत वर्गांकानं, म्हणजे विषयानुसार दिलेल्या आकड्यानं, किंवा प्रकाशनवर्षानंच पोचता येतं. कोहात आणखी एक अडचण असू शकते. त्याचं झेब्रा नावाचं शोधयंत्र आयसीयू नियमांनी, म्हणजे युनिकोड अक्षरं हाताळण्याच्या नियमांनी, लावलेलं नसेल, तर देवनागरी शब्दांची अनुक्रमणी, म्हणजे शोधासाठीची शब्दसूची, नीट होत नाही, आणि नोंद समोर दिसत असूनही शब्द टाकून सापडत नाही. हे वाचकाला दुरुस्त करता येत नाही, पण ग्रंथपालांना नेमक्या शब्दांत सांगता येतं.

काही मराठी पुस्तकं पुण्या-मुंबईच्या कॅटलॉगातही विचित्र रोमन स्पेलिंगनं दिसतात, त्याचं कारण मनोरंजक आहे. नोंद करणाऱ्याचे श्रम वाचावेत म्हणून झेड ३९.५० नावाच्या पद्धतीनं दुसऱ्या ग्रंथालयाची तयार नोंद उतरवून घेता येते, आणि मराठी पुस्तकांच्या तयार नोंदी मुबलक मिळतात त्या वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये. १९६२ सालापासून त्यांचं दिल्लीतलं कार्यालय पीएल ४८० योजनेखाली, अमेरिकन धान्याच्या विक्रीतून जमलेल्या रुपयांतून, भारतीय भाषांतली पुस्तकं घेऊन अमेरिकन विद्यापीठांना पाठवत होतं. म्हणून साठ-सत्तरच्या दशकांतली, इथे सहज न मिळणारी मराठी पुस्तकं शिकागो विद्यापीठाच्या ग्रंथालयात निघतात. परदेशी शिकणाऱ्या मराठी मुलांनी हा ठेवा वापरलाच पाहिजे.

फक्त तिथली लिप्यंतराची रीत शिकून घ्यावी लागते. ती उच्चारावर चालत नाही, अक्षरावर चालते. 'च'ला नुसता 'सी', 'सी-एच' म्हणजे 'छ'. 'श'ला 'एस' आणि त्यावर रेघ, तर 'एस-एच' हे 'ष'साठी राखलेलं. 'व'ला 'व्ही', 'डब्ल्यू' कधीच नाही. आणि शब्दाच्या शेवटी न उच्चारला जाणारा 'अ'सुद्धा लिहायचा, म्हणजे 'इतिहास'च्या शेवटी 'ए' हवा. 'ज्ञ' हा 'जे-एन', आपण लिहितो तसा 'डी-एन-वाय' नाही. म्हणून 'ज्ञानेश्वरी' तिथे 'डी'खाली शोधणाऱ्याला मूळ मराठी आवृत्त्या मिळत नाहीत, 'जे-एन-ए-एन-ई-एस-व्ही-ए-आर-आय' असं लिहिलं की मिळतात. रेघा आणि टिंबं टाइप करायची गरज नसते, शोधयंत्र ती सोडून देतं. 'असूड'साठी 'एस-ई-टी-ए-के' एवढं लिहून तारांकन द्या. अलीकडच्या पुष्कळ नोंदींत देवनागरी नावही जोडलेलं असतं. नोंदीचं 'मार्क' रूप, म्हणजे प्रत्येक रकान्याला क्रमांक असलेलं रूप, उघडून ८८० क्रमांकाचा रकाना आहे का पाहा. असला, तर देवनागरीत शोधूनही ती नोंद सापडण्याची शक्यता चांगली. भाषेच्या गाळणीत मराठीचा संकेत 'एम-ए-आर' असा आहे.

एक चांगली नोंद सापडली की तिच्यावरूनच पुढचा शोध करावा, हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. बहुतेक जण बोधांक, म्हणजे पुस्तकाची रॅकवरची जागा सांगणारा क्रमांक, टिपून निघून जातात. थांबा आणि नोंद पूर्ण वाचा. विषयशीर्षकांवर क्लिक केलं की ज्यांच्या नावात 'शेतकरी' शब्दच नाही, अशी त्याच विषयाची पुस्तकं येतात. ही शीर्षकं मराठी पुस्तकालाही बहुधा इंग्रजीत दिलेली असतात, म्हणून एक फेरी इंग्रजी शीर्षकांवरून मारावी. मग वर्गांकावरून शोधा. विषयांना आकडे देणाऱ्या ड्युई पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६ खाली येतं: कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३, निबंध ८९१.४६४. मराठी भाषा ४९१.४६, महाराष्ट्राचा इतिहास ९५४.७९२, गोव्याचा ९५४.७९९. पण एकच ग्रंथ दोन ठिकाणी असू शकतो. ज्ञानेश्वरी गीतेवरची टीका म्हणून २९४.५९२४ मध्ये जाते किंवा काव्य म्हणून ८९१.४६१ मध्ये. 'असूड' कुणी समाजशास्त्रात ३०५ खाली ठेवेल, कुणी शेतीच्या अर्थकारणात ३३८.१ खाली, कुणी साहित्यात. तिन्ही निर्णयांमागे विचार आहे, आणि शोधणाऱ्यानं तिन्ही मांडण्या पाहिल्या तर त्याचा फायदाच होतो.

रॅकपाशी जाताना वर्गांक दशांशात वाचा. ८९१.४६०९ (साहित्याचा इतिहास) हा ८९१.४६१च्या आधी येतो, नंतर नाही. वर्गांकाखाली ग्रंथांक असतो, बहुधा लेखकाच्या आडनावाची पहिली अक्षरं. आणि त्यासोबत 'स्थान' हा रकाना वाचायला विसरू नका. संदर्भ, दुर्मीळ, भेट संग्रह, विभागीय ग्रंथालय. एखाद्या अभ्यासकानं दिलेला संग्रह वेगळ्या कपाटांत एकत्र ठेवलेला असतो, वर्गांक तोच असला तरी मुख्य रॅकवर ते पुस्तक कधीच दिसणार नाही.

नोंदीत 'उपलब्ध' आहे पण जागेवर नाही, असं होतं तेव्हा ते कुणीतरी वाचनकक्षात घेतलेलं असतं, परत आलेल्या पुस्तकांच्या गाडीवर असतं, बांधणीला गेलेलं असतं, नाहीतर चुकीच्या जागी लागलेलं असतं. दोन्ही बाजूंची आठ-दहा पुस्तकं आणि रांगेच्या मागे सरकलेली पाहा. तरी नसेल तर दाखल क्रमांक लिहून देवघेव काउंटरवर द्या. बोधांक पुस्तकाचा असतो, दाखल क्रमांक त्या एका प्रतीचा. पडताळणी त्याच्यावरूनच होते. बंद भांडारातल्या पुस्तकासाठी मागणी चिठ्ठी भरतानाही दोन्ही लिहावेत. नुसतं नाव लिहिलेली चिठ्ठी भांडारातून 'नाही' असा शेरा घेऊन परत येण्याचा संभव फार.

प्रत बाहेर गेली असेल तर आरक्षण करता येतं. आधी ग्रंथालयाकडून लॉगिन सुरू करून घ्या, पुष्कळ विद्यार्थ्यांचं खातं तयार असतं आणि त्यांना ते ठाऊक नसतं. कोहात नोंदीच्या उजवीकडे 'प्लेस होल्ड' दिसतं. ते दाबल्यावर दोन पर्याय येतात: पुढची उपलब्ध होईल ती प्रत, किंवा ठरावीक प्रत. एकखंडी पुस्तकाला पहिला पर्याय चांगला, लवकर मिळतं. पण ग्रंथ अनेक खंडांचा असेल आणि सगळे खंड एकाच नोंदीखाली असतील, तर पहिला पर्याय निवडल्यावर तुमच्या नावानं कुठलाही खंड राखला जाऊ शकतो. तिथे ठरावीक प्रतच निवडा आणि खंड क्रमांक तपासा. आवृत्त्यांचंही तसंच, १९६९ची आवृत्ती हवी असेल तर तिची स्वतंत्र नोंद शोधा. काही ग्रंथालयं जागेवर असलेल्या पुस्तकाचं आरक्षण करू देत नाहीत, फक्त बाहेर गेलेल्याचं करू देतात. तेव्हा बटण दिसलं नाही तर स्थिती पुन्हा वाचा. 'नॉट फॉर लोन' म्हणजे घरी नेता येणार नाही, तिथे बसून वाचता येतं.

सालाबद्दल एक सूचना. जुन्या पुस्तकांवर शक असतो. शके १८५० म्हणजे इसवी सन १९२८, ७८ मिळवायचे, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांसाठी ७९. नोंद करताना 'शके' गळलं तर पुस्तक आठ दशकं मागे जातं आणि सालाच्या गाळणीतून सुटतं. नाव किंवा साल खात्रीचं हवं असेल तर शं. ग. दात्यांची मराठी ग्रंथसूची पाहा. १८०० ते १९५० या काळातली मराठी पुस्तकं तिच्या दोन भागांत आहेत. मासिकातला लेख ओपॅकात शोधू नका, तिथे नियतकालिकाचं फक्त नाव असतं. वर्ष, महिना, अंक आधी काढून मग बांधीव अंक मागायचे.

आपल्या ग्रंथालयात खरंच नसेल तर इन्फ्लिबनेटचं इंडकॅट आणि वर्ल्डकॅट पाहा. कुठल्या विद्यापीठाकडे प्रत आहे ते तिथे कळतं. आंतरग्रंथालयीन मागणी मात्र वाचकाला थेट करता येत नाही, ती एका ग्रंथपालाकडून दुसऱ्याकडे जाते, डेलनेटसारख्या जाळ्यातून जायची असेल तर आपलं ग्रंथालय सभासद हवं. अर्जात लेखक, नाव, प्रकाशक, स्थळ, साल, आवृत्ती, हवी असलेली पानं आणि नोंद कुठे पाहिली ते लिहा. दुर्मीळ ग्रंथ कुणी पाठवत नाही, पण प्रकरणाचं स्कॅन मिळू शकतं. शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावरचे प्रबंधही इथे उपयोगी पडतात. त्यांच्या शेवटच्या संदर्भसूचीत नेमकी आवृत्ती आणि साल मिळतं, जे ओपॅकात नसतं.

चुकीची किंवा अपुरी नोंद दिसली तर ग्रंथपालांना ईमेल करा. नोंदीच्या पत्त्यात 'बिब्लिओनंबर'पुढे जो आकडा असतो तो लिहा, मुखपृष्ठाचा आणि त्यामागच्या प्रकाशनतपशिलाच्या पानाचा फोटो जोडा, आणि काय हवं ते नेमकं सांगा: २४६ क्रमांकाच्या रकान्यात 'शेतकऱ्यांचा आसूड' हे पर्यायी नाव, ५०५ मध्ये समग्र वाङ्मयातल्या सगळ्या पुस्तकांची नावं, वाङ्मयाची इतर रूपंही २४६ मध्येच. नोंद दुरुस्त झाल्यावर अनुक्रमणी ताजी व्हायला थोडा वेळ जातो, तेव्हा लगेच सापडलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा शोधा.